बरणीतली काळी पूड

जबलपूर, १२ मार्च १९४३, शुक्रवार

ही वही आमच्या कारखान्याच्या केमिस्टनी, अच्युतराव साहेबांनी दिली. म्हणाले, "विष्णू, तुझं अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं आहे. माझ्या भट्टीच्या नोंदी तुला ठेवायच्या असतील तर रोज चार ओळी गिरव. काय वाटेल ते लिही. मी वाचणार नाही." म्हणून लिहून राहिलो.

विष्णू ढोके, राहणार आर्वीच्या बाजूचं खेडं. शाळा चौथी, तीही अर्धी. आर्वीला कापसाच्या जिनातून वर्षात पळालो, इटारसीला रेल्वेच्या गँगमधून वर्षात पळालो, या कारखान्यात सात महिने टिकलो. हे साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे अजून पाच महिने आहेस तर." राग आला. पण खोटं काय बोलले? पलटणीत मोटार चालवायला घेतात असं ऐकून मागच्या हप्त्यात मी भरतीच्या हापिसापर्यंत जाऊन परत आलोच होतो.

१४ मार्च, रविवार

आमच्या कारखान्यात शेंगदाण्याच्या तेलाचं घट्ट तूप करतात. ते सगळं पलटणीच्या भटारखान्यात जातं. बंद कढईत तेल तापवायचं, त्यात गॅस सोडायचा आणि चिमूटभर काळी पूड टाकायची. पूड नसली तर गॅस तेलातून बुडबुडे काढत निघून जातो, तेल तेलच राहतं. पूड असली की चार तासांत तेल जमतं. मग कापडातून गाळलं की पूड जशीच्या तशी परत हातात येते. ती झिजत नाही, जळत नाही. मी साहेबांना विचारलं, "मग ती करते तरी काय?" म्हणाले, "लग्न जमवते आणि स्वतः मांडवातून बाहेर पडते."

पूड निकेलची. निकेल जहाजानं यायचं, आता जहाजं बुडून राहिली आहेत. तीन महिन्याला एकच पिंप मिळेल अशी सरकारी चिठ्ठी आली. म्हणून साहेब नवी पूड करून राहिले आहेत, कमी निकेलची, पुन्हा पुन्हा वापरायची. त्यांनी मॅनेजरला शब्द दिलाय की एका पुडीवर तेलाचे आठ फेरे काढून दाखवीन. मे संपेपर्यंत जमलं नाही तर खातं बंद आणि आम्ही चाळीस जण घरी.

१९ मार्च

आज साहेबांनी सगळं उलगडून सांगितलं. कटनीकडची पांढरी माती आणतात. अनारशाला जशी जाळी पडते तशी त्या मातीच्या कणाकणाला जाळी असते, डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक. निकेल त्या जाळीत बसवायचं. मोकळं ठेवलं तर निकेलचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात, मग वरचेच तेवढे काम करतात, आतले फुकट जातात. मातीच्या घराघरात एकेक बसवला की थोड्यात पुष्कळ काम होतं.

निकेलच्या दवेचं हिरवं पाणी मातीत कालवतात, सोडा टाकतात. मग ती माती धुवायची. चौदा पाण्यानं. हिरव्या दवेत गंधक असतो, तो सगळा निघून गेला पाहिजे. जरा राहिला तर निकेल मरतं. गंधक राहिला की नाही हे तपासायची दवा कलकत्त्याहून यायची, ती पण बंद झाली. आता नुसती पाण्याची मोजणी. धुणारा म्हणेल ते खरं.

धुणारा मुरलीधर. पनागरचा काछी आहे, घरी भाज्यांचा मळा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. प्रत्येक पाण्याला हौदाच्या कडेवर खडूची रेघ मारतो आणि रेघ मारल्याशिवाय बिडी ओढत नाही. मी म्हटलं, एखादं पाणी कमी दिलं तर कोणाला कळतंय? तर म्हणाला, "काय बिस्नू, भटा में पानी कम दओ तो भटा खों पता चलत कि नईं?" भटा म्हणजे वांगं.

२० मार्च

धुतलेली माती वाळवून भट्टीत गॅसवर काळी करतात आणि भट्टीतून थेट तेलात सोडतात. साहेबांनी चिमूटभर काढून फरशीवर ठेवली. कोणी काडी लावली नाही, काही नाही, ती आपली आपणच लाल झाली. मी दोन पावलं मागे सरलो. साहेब म्हणाले, "हवा लागली की संपली. एका फेऱ्यातून निघाली की दुसऱ्यापर्यंत बरणीत ठेवायची, वर चार बोटं तेल. उघडी पडली तर तुझा कान आणि माझा हात."

लोखंडी डबे लढाईवर गेले म्हणून चिनी मातीच्या बरण्या आणल्यात. बरण्यांचं कपाट माझ्या ताब्यात दिलं. बाकी कोणी हात लावायचा नाही. इंदूकाकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे तुला फडताळाची सून केलं म्हण की." इंदूकाकूंकडे मी जेवतो-राहतो. काका तोफगाडीच्या कारखान्यात आहेत.

३ एप्रिल

पहिल्या पुडीचे चार फेरे झाले. चार तास, सव्वाचार, सव्वाचार, साडेचार. साहेब हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

भरतीच्या हापिसाकडे गेलो नाही.

६ एप्रिल, मंगळवार

आज बरणी उघडली तर वरच्या तेलाला खवट वास. कारखान्याच्या टाकीतलंच तेल, पण हे ऊन, ही कोठी, चार दिवसांत खराब होतं. माझ्या ताब्यातली वस्तू नासली म्हणजे नाव माझं जाणार. साहेबांना वास येत नाही. कॉलेजात कसल्याशा विषारी गॅसनं त्यांचं नाक गेलं ते गेलंच. त्यांना सांगावं का? ते म्हणतील, तुलाच सांभाळता आली नाही.

रात्री काकूंनी मागच्या सालचं लोणचं वाढलं. वर्ष उलटलं तरी फोड कडक, वास ताजा. म्हणाल्या, "आपल्याकडे शेंगदाण्याचं घालत होते माझी सासू, तर बुरशी यायची. इकडच्या बायांकडून शिकले. सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, तेल घाल, बरणीला चार बोटं वर येऊ दे, साल दोन साल हात लावायला नको."

९ एप्रिल

लिहू का नको असं झालं, पण वही कोणी वाचत नाही.

पाटनच्या एका माणसाच्या घाण्यावरून सरसोंचं तेल आणलं, माझ्या खिशातून. कच्च्या घाण्याचं, डोळ्यातून पाणी येईल असं चोख. खवट तेल निथळून टाकलं आणि सगळ्या बरण्यांवर चार बोटं नवं घातलं. मुरलीधर दारातून डोकावला, नाक वर करून म्हणाला, "काय बिस्नू, निकेल को अचार डाल रए का? हरी मिर्ची सोई डाल दो!" सोई म्हणजे पण. मी म्हटलं, जा आपली माती धू.

साहेबांना आठ फेरे झाल्यावर सांगीन. म्हणतील, चौथी नापास पोरानं हे शोधून काढलं.

१३ एप्रिल

पाचवा फेरा. सात तास झाले तरी तेल पातळ. साहेब म्हणाले, पूड म्हातारी झाली असेल. मातीत निकेल थोडं जास्त घालून नवी करू.

२० एप्रिल

नव्या पुडीचा पहिला फेरा चार तासांत झाला. सगळे खूष. गाळून बरणीत ठेवली. तीन दिवसांनी दुसऱ्या फेऱ्याला काढली तर साडेआठ तास लागले, तिसऱ्याला जमलंच नाही. मी बरणी दर वेळी तपासून पाहिली. एक कण उघडा पडला नव्हता, तेलाला जराही खवट वास नव्हता. म्हणजे बरणीची चूक नाही, एवढं तरी माझ्या जिवाला बरं.

साहेब रात्रंदिवस कागद चिवडून राहिले. दाढी वाढलीय.

२८ एप्रिल

तिसरी पूड. तेच. पहिला फेरा घोड्यासारखा, दुसरा मेलेला.

साहेब म्हणतात, मातीच्या जाळीत खोल कुठेतरी गंधक राहत असणार. पहिल्या फेऱ्यात तापतो आणि मग हळूहळू बाहेर येतो. म्हणजे धुण्यात कमी पडतंय.

मुरलीधर हौदावर ऐकत होता. खडूच्या रेघा पुन्हा मोजल्या.

३० एप्रिल, शुक्रवार

आज मॅनेजरनं आम्हा तिघांना उभं केलं. पलटणीचं तूप दोन गाड्या कमी गेलं, वरून तार आली. मॅनेजर टेबलावर हात आपटून म्हणाला, ही चूक नाही, हा घातपात आहे. मुरलीधरचा भाऊ गेल्या ऑगस्टात जुलुसात पकडला गेला होता, तो कागद त्यानं पुढ्यातच ठेवला होता.

साहेब म्हणाले, "मी एवढंच म्हटलं की धुणं अपुरं असावं. मुद्दाम केलं असं म्हटलं नाही."

मुरलीधर शपथेवर म्हणाला, "चौदा के चौदा दए हैं साहब. नरबदा मैया की सौं."

मग मॅनेजर माझ्याकडे वळला. तू तिथं असतोस, चौदा पाणी पाहिलंस का?

मी पाहिलं होतं. तिसऱ्या पुडीच्या वेळी मी हौदाच्या कडेवर बसून त्याच्याबरोबर मोजत होतो. मधे एकदा माठावर पाणी प्यायला गेलो, तेवढंच. पण "घातपात" हा शब्द ऐकला आणि ठाणं डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "मी सगळा वेळ तिथं नव्हतो."

खोटं नाही ते. मुरलीधरनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा माणूस पायरी आहे असं समजून पाय टाकतो आणि तिथं पायरी नसते, तसं.

१ मे

मुरलीधरला ठाण्यात नेलं. सकाळी हौदावरूनच. हात ओले होते, पुसायला फडकं मागितलं, दिलं नाही.

५ मे, बुधवार

चौथी पूड साहेबांनी स्वतः धुतली. मी पाणी ओतलं, त्यांनी मोजलं. सोळा पाणी. पहिला फेरा चार तास. गाळून मी बरणीत ठेवली, नेहमीसारखी. आज दुसरा फेरा. नऊ तास झाले, कढई उघडली, तेल पाण्यासारखं.

साहेब स्टुलावर बसले. बाकीचे गेले होते. म्हणाले, "म्हणजे मुरलीधरनं दिलेली चौदा पाणी खरी होती." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "गंधक येतो कुठून? धुण्यातून नाही. गॅसमधून म्हणावं तर पहिल्याच फेऱ्याला मेली असती. मधे कुठेतरी शिरतोय. गंधक काय, कुठेही असतो. कोळशात असतो. कांद्यात, लसणात. मोहरीत असतो. नाकाला झोंबतं ना, ते त्याचंच."

मी मागे वळून बरण्यांच्या कपाटाकडे पाहिलं.

साहेबांनी वर पाहिलं. "बरण्यांवर तेल तूच घालतोस ना?"

"हो."

"आपल्याच टाकीतलं?"

मी "हो" म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. "आणखी काही सांगायचंय, विष्णू?"

"नाही साहेब."

"बरं." त्यांनी कपाटाची एक किल्ली मागितली, हिशेब लावायचाय म्हणाले, आणि मला घरी जायला सांगितलं. त्यांना काही कळलं नाही, असं वाटतं. कसं कळणार, वासच येत नाही.

६ मे

इंदूकाकू म्हणाल्या, "काहून रे, जेवत काहून नाही? लोणचं घे." मी ताटावरून उठलो. त्यांना वाटलं, पोट बिघडलं. ओव्याचं पाणी दिलं.

मी विचार केला, सांगितलं तर काय होईल. मुरलीधर सुटेल आणि मी आत जाईन. त्याचा भाऊ जुलुसात होता, माझं तर कोणी जुलुसात नव्हतं, मला कदाचित सोडतील. पण मी लपवून घातलं, लपवून विकत आणलं, विचारल्यावर खोटं बोललो. याला घातपात नाही तर काय म्हणतील? इटारसीची गाडी रात्री नऊला सुटते, हेही मनात आलं. लिहून ठेवतो.

७ मे

कामाला गेलो. आलो.

८ मे, शनिवार

सकाळी मुरलीधरचा म्हातारा बाप फाटकावर आला होता. डोक्यावर टोपलीत भाजी, पोराला ठाण्यात द्यायला. चौकीदाराला वाटलं विकायला आलाय, म्हणाला, "बब्बा, इहां नईं बिकहै." म्हातारा "अच्छा, अच्छा" म्हणत वळला. ठाणं कुठे ते त्यानं मला विचारलं. मी दाखवलं. बोटानं दाखवलं, बरोबर गेलो नाही.

म्हातारा वळणापलीकडे गेला तोवर उभा राहिलो, मग सरळ साहेबांच्या खोलीत गेलो. बसलो नाही. सगळं सांगितलं, खवट वास, काकूंचं लोणचं, पाटनचा घाणा, चार बोटं, सगळं.

साहेबांनी टेबलावरचं फडकं उचललं. खाली दोन लहान बरण्या. म्हणाले, "एकाच ताज्या पुडीचे दोन भाग. एकीवर टाकीतलं तेल, दुसरीवर बाजारातून आणलेलं सरसोंचं. कालपासून भिजून राहिल्यात. आज दोन्ही कढईत घालून बघणार होतो."

म्हणजे त्यांना बुधवारीच कळलं होतं.

मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही...?"

"पुरावा हवा होता, असं मी स्वतःला सांगितलं." ते खिडकीकडे बघत होते. "खरं म्हणजे वाट पाहिली. तू येशील म्हणून. तुझ्यासाठी वाट पाहिली आणि तो तिकडे बसला होता. मला हे कोणी करायला सांगितलं नव्हतं."

मला वाटलं होतं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

९ मे

टाकीच्या तेलातली पूड, सव्वाचार तास. सरसोंच्या तेलातली, संध्याकाळपर्यंत काहीच नाही. साहेबांनी दोन्ही कढया मला दाखवल्या आणि म्हणाले, "लिही." मी नोंदवहीत लिहिलं.

१० मे, सोमवार

मॅनेजरपुढे गेलो. मी माझं सांगितलं. मॅनेजरनं फोनला हात घातला. तेव्हा साहेब म्हणाले, "थांबा. चार बोटं तेल घाल असं मी सांगितलं. कोणतं तेल हे मी सांगितलं नाही. कागदावर माझं नाव लिहा." मॅनेजर इंग्रजीत बराच ओरडला. साहेब एकदाच बोलले, तेही इंग्रजीत, मला समजलं नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले की भट्टीचं खातं आता कलकत्त्याहून येणाऱ्या दुसऱ्या केमिस्टकडे जाईल, मी त्याच्या हाताखाली.

मी म्हटलं, साहेब, चूक माझी होती.

"तुझी तुला मिळेल," ते म्हणाले. "ही माझी."

१४ मे

मुरलीधर सुटला. कारखान्यात आला नाही. ठाण्यावरून परस्पर पनागरला गेला म्हणतात. मॅनेजरनं कामावर ये असा निरोप धाडला, उत्तर नाही.

२० मे

टाकीतल्या तेलाखाली ठेवलेल्या ताज्या पुडीचा सहावा फेरा. साडेचार तास. आठ होतील असं साहेब म्हणतात, कलकत्त्याचा केमिस्ट येईपर्यंत तेच आहेत. खातं राहील, चाळीस जणांचं राहील. कोणी मला चांगलंही म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. नवीन माणूस माती धुतो.

२३ मे, रविवार

पनागरला गेलो. अर्ध्या वाटेपर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे पायी. मळा विचारत विचारत सापडला. मुरलीधर पाटाचं पाणी वाफ्यात फिरवत होता, खांद्यावर फावडं. आधीपेक्षा वाळला होता. डाव्या हाताची दोन बोटं बांधलेली. काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

मी रस्त्याभर हिंदीत जुळवत आलो होतो. तिथं उभं राहिल्यावर जुळवलेलं काही आठवलं नाही. म्हटलं, "भैया, तेल मी घातलं होतं. अचार म्हणालास ना, ते. त्यातच गंधक होता. मला माहीत नव्हतं."

"साहब बता गए." साहेब आधीच येऊन गेले होते. मला बोलले नाहीत.

तो फावड्यानं माती ओढत राहिला. एक वाफा भरला, तोंड बंद केलं, दुसरा फोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मालूम कब पड़ी तुमें?"

"बुधवारी. पाच तारखेला."

"और बताओ कब?"

"शनिवारी."

त्यानं बोटांवर दिवस मोजले नाहीत, पण मोजल्यासारखा थांबला. "बीच में का करत रए?"

उत्तरं खूप होतील असं वाटलं. भीती वाटली, गाडी बघितली, झोप आली नाही. पण त्यानं भीतीबद्दल विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "कामाला गेलो. घरी आलो. जेवलो."

मुरलीधरनं मान हलवली. म्हाताऱ्यानं झोपडीच्या दारातून पाहिलं आणि आत गेला. मुरलीधर बस म्हणाला नाही, जा पण म्हणाला नाही. पुढचा वाफा फोडला. पाणी माझ्या पायाशी आलं तशी मी चप्पल काढून बाजूला सरलो, त्याच्या कामाच्या आड येऊ नये म्हणून, आणि तिथंच उभा राहिलो.